गवताळ भागातील नाकतोड्यांची पाहणी कशी करावी

पाहणीसाठी ऊन चांगले तापलेली, वारा मंद असलेली वेळ निवडावी, कारण गारव्यात नाकतोडे गवताच्या बुडाशी निश्चल बसतात आणि नजरेतून सुटतात. कोणत्या जाती आहेत हे लांब दांड्याचे कापडी जाळे गवतावरून फिरवून कळते. घनता मात्र त्यावरून ठरवू नये, कारण चपळ प्रौढ जाळ्याआधीच उडून जातात. घनतेसाठी सुमारे 36 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे 0.1 चौरस मीटर क्षेत्राची तारेची कडी ठरावीक अंतरावर आदल्या दिवशी मांडून ठेवावीत आणि दुसऱ्या दिवशी हळू चालत जाऊन प्रत्येक कड्यातून किती कीटक उडी मारतात ते मोजावे. हे काम कंटाळवाणे असले, तरी पुढचे सर्व निष्कर्ष त्यावरच उभे राहतात.

ओळख पटवताना आधी स्पर्शिका पाहाव्यात: त्या शरीराहून आखूड आणि जाडसर असल्यास तो खरा नाकतोडा, तर केसासारख्या बारीक व लांब असल्यास तो दुसऱ्याच गटातला कीटक असतो. पूर्ण पंख नसलेली पिल्ले वेगळी नोंदवावीत.

सोबत वनस्पती, चराई आणि कीटकनाशकांचा वापर टिपावा. नाकतोडा दिसला म्हणजे पीक धोक्यात, असे मानणे घाईचे ठरते. बहुतेक जाती उपद्रवी नसून पक्ष्यांचे व सरड्यांचे अन्न आहेत. टोळांच्या बाबतीत मात्र गर्दीची नोंद विशेष काळजीने घ्यावी, कारण एकलकोंडा आणि थव्याने फिरणारा टोळ ही एकाच जातीची दोन रूपे असल्याचे कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी 1921 मध्ये मांडले.