गोधडीचे तुकडे जोडताना माया सांभाळा

नाशिकची थंडी पडायच्या आत पहिली गोधडी शिवायची असेल, तर सगळं लक्ष तुकड्यांच्या मायेवर, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेल्या कापडावर द्या. पाव इंच, म्हणजे दोन सूत, शेवटपर्यंत तेवढीच. पाच इंची दहा चौकोनांच्या ओळीत नऊ जोड येतात. प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांची माया एकेक सूत जास्त गेली, की ओळ सव्वादोन इंच आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी काही केल्या जुळत नाही. मशीनवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावून ठेवा. मेनरोडवरून आणलेलं नवं सुती कापड आटतं, ते धुऊनच कापा. आजीच्या लुगड्याला ती गरज नाही. माझ्या मते गोधडीला त्याच्याइतकं मऊ कापड दुसरं नाहीच. एका ओळीची माया डावीकडे, पुढचीची उजवीकडे वळवून इस्त्री करा, कोपरे नेमके बसतात.