स्टीमवर गेम टाकताय? पॅन नंबर हाताशी ठेवा

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम विकायचा तर आधी दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. विक्री १,००० डॉलरपर्यंत पोचली की ते परत मिळतात. विक्रीतले ३० टक्के स्टीमचे. हे बहुतेकांना माहीत असतं. चुकतं ते पुढे, कराच्या फॉर्ममध्ये.

अमेरिकेतल्या ग्राहकांनी १०० डॉलरचा गेम घेतला, तर स्टीमचा वाटा जाऊन ७० उरतात. त्यावर अमेरिकेचा कर ३० टक्क्यांनी कापला, तर हातात ४९. ही कमाई रॉयल्टी धरली जाते आणि भारत-अमेरिका कर करारात रॉयल्टीवर दर मात्र १५ टक्के आहे, म्हणजे हातात ५९.५०. हा फरक फक्त एका फॉर्मचा! वैयक्तिक नावाने विकत असाल तर डब्ल्यू-८बेन (W-8BEN, अमेरिकेबाहेरच्या व्यक्तींसाठीचा अमेरिकी कर फॉर्म) भरताना देश भारत निवडा, परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात पॅन टाका आणि कराराचा लाभ मागा. नाव पॅनवर आहे तसंच लिहा, तुमच्या नावात वडिलांचं नाव असेल तर त्यासकट.

कापलेला करही वाया जात नाही. पुढच्या वर्षी १०४२-एस नावाचं प्रमाणपत्र येतं, ते जपून ठेवा. त्याच्या आधारे इथल्या विवरणपत्रात क्रेडिट, म्हणजे तिथे भरलेल्या कराची इथल्या करातून वजावट, मागता येतं, पण उत्पन्न पूर्ण दाखवा, कर कापण्याआधीचं. पहिल्या वर्षी सीएला जरूर विचारा.