निलगिरी की सुबाभूळ? कागदाचं लाकूड असं पारखा

वनशास्त्राची मुलं प्रकल्पासाठी प्रयोगशाळेत आली की पहिला प्रश्न ठरलेला: “सर, कागदाला निलगिरी चांगली की सुबाभूळ?” नावावर जाऊ नका, मोजा. आणि मोजण्याआधी तुलना बरोबरीची करा. झाडं एकाच वयाची, शक्यतो एकाच शिवारातली; चकती दोन्हींची छातीच्या उंचीवरून, म्हणजे १.३७ मीटरवरून कापलेली. तीन वर्षांची सुबाभूळ सात वर्षांच्या निलगिरीशेजारी ठेवलीत, तर फरक जातीचा की वयाचा हे कळणारच नाही.

आधी घनता. साल काढून मध्यापासून कडेपर्यंतची पाचर घ्या. नुसता मधला तुकडा बहुधा हलका भरतो. ती पाण्यात पूर्ण मुरू द्या. तराजूवर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि पाचर सुईला टोचून बुडवा, कुठेही टेकू न देता. जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर तिचं आकारमान. मग १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ओव्हनमध्ये वाळवा. २०० घनसेंटिमीटरची पाचर १०४ ग्रॅम भरली तर घनता ०.५२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. मला याच्या आसपासचं लाकूड आवडतं. फार हलकं असेल तर डायजेस्टरमध्ये, म्हणजे लाकूड शिजवून लगदा करण्याच्या टाकीत, वजनाने माल कमी मावतो. सुरूसारखं जड असेल तर चिपरची, म्हणजे लाकडाचे तुकडे करणाऱ्या यंत्राची, पाती लवकर बोथट होतात.

मग तंतू. काडीएवढ्या कपच्या, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात, ६० अंशांवर साधारण दोन दिवस. हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणारं कपाट), हातमोजे-चष्मा घालून. झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो! कपच्या पांढऱ्या पडल्या की धुऊन हलवा, तंतू सुटे होतात. सॅफ्रनिन या लाल रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजा.

इथे मुलं लांबीवर अडकतात. दोन्ही झाडांचे तंतू एक मिलिमीटरच्या आगेमागेच असतात. तंतू म्हणजे बारीक पोकळ नळी. तिची भिंत बघा, भिंत! भिंतीची जाडी दुप्पट करून पोकळीच्या रुंदीने भागा: हे रुंकेल गुणोत्तर. भिंत ४ मायक्रॉन, पोकळी १० असेल तर ०.८. एकच्या खाली असलेला तंतू सहज चपटा होतो, शेजारच्याला चिकटतो, कागद ताणाला टिकतो. वर गेला की नळीसारखा ताठ राहतो. कागद फुगीर होतो, पण कच्चा. पिशव्यांसारखा न फाटणारा कागद हवा असेल तर या लगद्यात बांबूसारखा लांब तंतू मिसळावा लागतो.

शेवटी एकरी हिशोब: वर्षाला वाढलेलं लाकूड घनमीटरमध्ये, गुणिले घनता, गुणिले लगद्याचा उतारा (कोरड्या लाकडाच्या वजनापैकी किती भाग लगदा मिळतो). झाडांचा क्रम या आकड्यावर लावा, उंचीवर नाही.