जुन्या पायथनवरही चालणारा सॉकेट कोड लिहिताय? या चुका टाळा

प्रोग्राम बंद पडत नाही, एररही दाखवत नाही, पण सीपीयू १०० टक्क्यांवर. कोड पायथन २ वरून ३ वर आणलेला असेल, तर आधी सॉकेटचा (नेटवर्क कनेक्शनचं प्रोग्राममधलं टोक) रिसीव्हचा लूप, म्हणजे आलेला डेटा परत परत वाचणारा भाग, उघडा. समोरच्याने कनेक्शन बंद केलं की रिसीव्हमधून रिकामे बाइट्स येतात. २ मध्ये बाइट्स (कच्चा डेटा) आणि स्ट्रिंग (मजकूर) एकच, म्हणून रिकाम्या स्ट्रिंगशी केलेली तुलना जमून जायची. ३ मध्ये ती कधीच खरी ठरत नाही आणि लूप गरगरत राहतो. तुलना काढून सरळ ‘इफ नॉट डेटा’ लिहा, दोन्हीकडे चालतं. अशा आणखी जागा शोधायच्या तर पायथन ३ ‘-बीबी’ पर्याय देऊन चालवा. बाइट्स-स्ट्रिंगच्या तुलनेवर तो तिथल्या तिथे एरर देतो.

पाठवताना स्ट्रिंग दिली तर ३ निदान टाइपएरर तरी देतो. एनकोड करा, म्हणजे स्ट्रिंगचे बाइट्स करा, विषय संपला. वाचताना मात्र डीकोडची, म्हणजे उलट रूपांतराची, घाई नको. टीसीपीला (डेटा पोचवणारी नेटवर्कची पद्धत) मेसेज कुठे संपतो ते कळत नाही, डेटा कुठेही तुटून तुकड्यांत येऊ शकतो. यूटीएफ-८ या अक्षरं बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीत ‘क’ ३ बाइट्सचा. तुकडा नेमका त्याच्या मधे पडला की डीकोड कोसळलंच. आधी बाइट्स साठवा, मेसेज पूर्ण झाल्यावर डीकोड करा.

सगळ्यात फसवा प्रकार टाइमआउटचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम न झाल्याच्या एररचा. ३.१० पासून ‘सॉकेट.टाइमआउट’ हे ‘टाइमआउटएरर’चंच दुसरं नाव आहे. तुमच्या मशीनवर ३.१२, तिथे ‘एक्सेप्ट टाइमआउटएरर’ लिहिलं, टेस्ट पास. सर्व्हरवर ३.८ निघाला की तोच टाइमआउट हातातून निसटतो. जुनंच नाव वापरा, आणि तो एक्सेप्ट ‘ओएसएरर’च्या वर ठेवा, टाइमआउट हा ‘ओएसएरर’चाच प्रकार असल्याने खाली ठेवलात तर त्याची पाळीच येत नाही.

२.७ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी तो सांभाळावा लागत असेल तर सॉकेट थेट ‘विथ’मध्ये देऊ नका (२.७ मध्ये ते चालत नाही), कॉन्टेक्स्टलिबमधलं ‘क्लोजिंग’ वापरा. उलट, नव्या पायथनकडूनही फटका बसतो: कनेक्शन एन्क्रिप्ट करणारं ‘एसएसएल.रॅप_सॉकेट’ ३.१२ मधून काढून टाकलंय. ‘एसएसएलकॉन्टेक्स्ट’ २.७.९ पासून आहे, तेच घ्या.

आणि व्हर्जन स्ट्रिंग म्हणून तपासू नका. स्ट्रिंग म्हणून ‘३.१०’ हे ‘३.९’ पेक्षा लहान ठरतं, म्हणजे नव्या पायथनवर जुना कोड चालतो. उदाहरणार्थ, सॉकेट मॉड्यूलमधलं ‘क्रिएट_सर्व्हर’ हे फंक्शन ३.८ मध्ये आलं. ते आहे का, हे ‘हॅजअ‍ॅट्र’ने थेट सॉकेट मॉड्यूललाच विचारा.