छापून आलेल्या शोधनिबंधावरची शंका कशी नोंदवावी

पवई, कलिना, परळ, कुलाबा, प्रयोगशाळा कुठलीही असो, जर्नल क्लबमध्ये (निबंध मिळून वाचायच्या बैठकीत) एखाद्या आकृतीपाशी कोणी ना कोणी अडखळतंच. चर्चा होते, चहा होतो आणि शंका तिथेच राहते. ती नोंदवायलाच हवी, कारण त्याच निबंधावर भिस्त ठेवून दुसरीकडे कोणी महागडी अँटिबॉडी मागवत असतं.

आधी आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे ते पाहा. डीओआयवरून (निबंधाच्या कायमच्या ओळखक्रमांकावरून) जर्नलच्या पानावर जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' हे बटण दाबलं की दुरुस्ती झाली आहे की निबंध मागे घेतला गेला आहे ते दिसतं. हे बटण सगळीकडे नसतं, म्हणून मागे घेतलेल्या निबंधांच्या रिट्रॅक्शन वॉचच्या मोफत यादीतही शोधा. मग तोच डीओआय पबपियर या संकेतस्थळावर टाका. 2012 पासून तिथे छापील निबंधांवर टिप्पण्या होतात, तुमची शंका कदाचित आधीच मांडलेली असेल. प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) असेल तर आवृत्तीचा क्रमांक टिपून ठेवा.

आता आकृत्या. 2016 साली 20,621 जीववैद्यकीय निबंध डोळ्यांखालून घातले गेले, तेव्हा सुमारे 3.8 टक्क्यांत संशयास्पद पुनरावृत्त चित्रं सापडली. तपासणीसाठी पीडीएफचा स्क्रीनशॉट घेऊ नका. जर्नलच्या पानावरून सर्वांत मोठी प्रतिमा उतरवा आणि फिजी या प्रतिमा तपासायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट ताणला की जोडलेल्या कडा उठून दिसतात. संशयित तुकडा उलटवून, 180 अंशांत फिरवून दुसऱ्याशी ताडून पाहा. फसगत इथेच होते: जेपेग संकुचन 8×8 पिक्सेलच्या चौकटी सोडतं आणि त्या चौकटी कापाकापीसारख्या भासतात. ब्लॉटमध्ये, म्हणजे मेम्ब्रेनवर उमटवलेल्या प्रथिनांच्या पट्ट्यांच्या चित्रात, एकाच मेम्ब्रेनवरचा लोडिंग कंट्रोल (सगळे नमुने सारख्याच प्रमाणात घातल्याचं दाखवणाऱ्या पट्ट्या) दोन आकृत्यांत असणंही गैर नाही, फक्त तसं लिहिलेलं असावं.

आकड्यांसाठी ग्रिम चाचणी, म्हणजे छापलेली सरासरी मुळात शक्य आहे का याची तपासणी, कागद-पेन्सिलीने होते. प्रश्नावलीची उत्तरं पूर्णांकांत, माणसं 28, सरासरी 3.47 असं छापलंय समजा. 97 भागिले 28 म्हणजे 3.46, आणि 98 भागिले 28 म्हणजे 3.50. मधे 3.47 येऊच शकत नाही. मात्र एकाच व्यक्तीच्या अनेक प्रश्नांची सरासरी काढली असेल, तर माणसांच्या संख्येला प्रश्नांच्या संख्येने गुणा, नाहीतर निर्दोष आकडाही चूक ठरेल. दोन दशांश स्थळं असताना ही संख्या शंभराच्या पुढे गेली की चाचणी निरुपयोगी.

सार्वजनिक नोंदींशी ताडणं सर्वांत कमी खर्चाचं. 22 मे 2020 रोजी लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये कोविडवरच्या उपचारात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या वापराबद्दलचा निबंध आला. त्यात 21 एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या पाच रुग्णालयांतच 73 मृत्यू दाखवले होते, तर त्या तारखेपर्यंत संपूर्ण देशातल्या कोविड मृत्यूंची नोंद 67 होती. 4 जूनला निबंध मागे घेतला गेला. एवढी तत्परता क्वचितच दिसते, महिनोन्‌महिने उत्तर न येणं हेच नेहमीचं.

पबपियरवरच्या टिप्पणीत तीनच गोष्टी हव्यात: काय दिसतं, नेमकं कुठे, आणि वाचणाऱ्याने ते कसं पडताळावं. उदाहरणार्थ: 'आकृती 3ब मधली दुसरी पट्टी 180 अंशांत फिरवली की पाचवीसारखी दिसते. मूळ, न कापलेला ब्लॉट देता येईल का?' जगभरच्या वाचकांसाठी हेच साध्या इंग्रजीत लिहा. 'फसवणूक' हा शब्द कटाक्षाने टाळा. हेतू चित्रावरून सिद्ध होत नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामी हा गुन्हा आहे. पबपियरवर नाव न देता लिहिता येतं, पण प्रयोगशाळेत कानावर आलेली माहिती तिथे चालत नाही. शिवाय तीच तुमची ओळख उघड करते. विभागातल्याच निबंधाबद्दल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हे फार जपावं.

लेखकांकडून उत्तर आलं नाही तर संपादकांना डीओआय, आकृती क्रमांक आणि तुलनाचित्र जोडून ईमेल करा. त्याआधी निबंधाचं पान व पुरवणी फायली तारखेसह जपून ठेवा. पुरवणी फाईल सूचना न देता बदलली गेली, तर तुमची टिप्पणी कशाबद्दल होती हेच दाखवता येणार नाही.