घोड्यावर मांड कशी बसवायची (दुडकीत आपटणाऱ्यांसाठी)

माथेरानला अर्धा तास घोड्यावर बसलो म्हणजे रायडिंग आलं असं नसतं हो, तिथे घोडेवाला लगाम धरून पुढे चालत असतो. खरी परीक्षा दुडकीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, चालण्यापेक्षा जलद त्या उसळत्या चालीत.

पहिले काही दिवस लगाम हातात घेऊच नका. सरांना सांगा लांब दोरीवर गोल फिरवा, आणि तुम्ही फक्त बसायचं शिका. कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत. गुडघे आवळले की बूड खोगिरावरून वर उचललं जातं, मग आपटणं आलंच, त्यामुळे मांड्या सैल सोडा, टाच खाली जाऊ द्या, दाबू नका.

दुडकीत घोड्याचे तिरके दोन पाय एकत्र पडतात, एक-दोन, एक-दोन. एकला उठायचं, दोनला बसायचं. रिकिबीत (पाय अडकवायच्या कडीत) उभं राहायचं नाही, घोड्याचा धक्काच उचलतो, आपण कंबर जरा पुढे न्यायची बस. जमत नसेल तर आयाळ धरा पण लगामावर लटकू नका, लगामाचं लोखंड घोड्याच्या तोंडात आहे राव! गोलात फिरताना घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठा.

रिकीब काढून पाच-पाच मिनिटं रोज घोडा साधा चालत असताना बसा, मांड यानेच पक्की होते. आणि जीन्स नको, आतली शिवण मांडी सोलून काढते, मी दोन दिवस फेंगडा चालत होतो.