पीसीओएससाठी डॉक्टरकडं जाताना कॅलेंडर सोबत न्या

पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडून बीजकोषाचं (ओव्हरीचं) काम विस्कटतं तो आजार. मी खानापूर तालुक्यातली. एकोणीस वर्षांची होते तेव्हा आई मला बेळगावला डॉक्टरकडं घेऊन गेली, पाळी चार-चार महिने यायची नाही, हनुवटीवर राठ केस यायला लागलेले, आणि दोन तास नंबर लावून बसल्यावर तीन मिनिटांत बाहेर. "वजन कमी कर, लग्न झालं की सगळं नीट होतंय." पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पाळी आली, आईला वाटलं पोरगी बरी झाली. पण त्या गोळ्या थांबवल्या की बहुतेक वेळा रक्तस्राव होतोच, त्यावरून बीजकोष नीट काम करतोय असं ठरत नाही. हे मला चार वर्षांनी कळलं.

म्हणून पहिलं काम घरातच करा. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंय ना, त्यावर पाळी आली त्या दिवशी टिंब काढा आणि थांबली त्या दिवशी फुली. गौरी-गणपतीला नाहीतर यल्लम्माला जायचं म्हणून पाळी पुढं ढकलायची गोळी घेतली असेल तर तेही तिथंच लिहा, नाहीतर हिशोब चुकतोय. "पाळी अनियमित आहे" हे डॉक्टर दिवसभर ऐकत असतात, पण "12 महिन्यांत 5 वेळा आली, सगळ्यात मोठा गॅप 110 दिवसांचा" म्हटलं की पेन उचलतात. पहिली पाळी येऊन तीन वर्षं झाली असतील आणि तरी अंतर 35 दिवसांच्या वर जात असेल किंवा वर्षात 8 पेक्षा कमी पाळ्या येत असतील तर तपासायलाच पाहिजे.

दुसरं, जायच्या आधी दोन-तीन आठवडे थ्रेडिंग-वॅक्स करू नका. अवघड आहे, माहीत आहे मला, मी ओढणी तोंडावर घेऊन बसमध्ये बसायचे. पण केस काढून गेलात तर डॉक्टरला दिसणार काय? नाहीच जमलं तर फोटो काढून ठेवा आणि किती दिवसांनी काढावे लागतात ते सांगा. मानेवरचा काळा पट्टा पण दाखवा. माझी आई बेसन लावून घासायची, कातडी लाल व्हायची आणि काळेपणा तसाच, कारण तो मळ नव्हताच, बहुतेक वेळा ती इन्सुलिन रेझिस्टन्सची, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याची खूण असते.

आता आत गेल्यावर. मोठ्या बायकांमध्ये तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की पीसीओएस धरतात: पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा (केस, पिंपल्स किंवा रक्तात), आणि सोनोग्राफीत बीजकोषात दिसणारे बारीक फोड. म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून "काही नाही" होत नाही, आणि नुसते फोड दिसले म्हणून आजार पण नाही. पाळी सुरू होऊन 8 वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून ठरवतच नाहीत. लग्न न झालेल्या मुलींची सोनोग्राफी लघवी तुंबवून पोटावरून करता येते, आतून तपासतील म्हणून घाबरून घरी बसू नका.

तपासण्यांची नावं कागदावर लिहून न्या: टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, 17 ओएच प्रोजेस्टेरॉन, म्हणजे थायरॉईड वगैरे दुसरं कारण नाही हे कळतंय. सोबत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची शुगर, लिपिड आणि बीपी. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट त्यानं बदलतो, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका.

लग्नाचा विषय निघाला की भांडू नका, विचारा, "डॉक्टर, लग्न कधी व्हायचं ते माहीत नाही, पण तीन-तीन महिने पाळी नाही आली तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं ना, त्याचं आत्ता काय करायचं?" वजनावर अडले तर, "कमी करतेच मी, पण तपासण्या पण लिहून द्या की." बारीक मुलींनाही पीसीओएस होतो, हे त्यांनाही माहीत असतंय. तपासणीची गरज नाही म्हणाले तर कारण केसपेपरवर लिहून मागा.

आईच सगळं बोलत असेल तर तिला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगा, वाईट वाटलं तरी चालेल. मन खचतंय, झोप लागत नाही हे पण तेव्हा सांगा, पीसीओएसमध्ये हे खूप जणींना होतंय आणि ते विचारणं डॉक्टरचं कामच आहे. नर्स किंवा डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि आपलं कन्नड बाजारापुरतंच असेल तर एक वाक्य पाठ करून जा, "मूरु तिंगळिंद मुट्टागिल्ल", तीन महिने पाळी आली नाही.

तासाला पॅड भिजत असेल, किंवा थोड्याच महिन्यांत केस झपाट्यानं वाढून आवाज घोगरा व्हायला लागला असेल तर कॅलेंडर भरत बसू नका, लगेच जा.

आणि पहिल्या डॉक्टरनं ऐकलं नाही तर दुसरीकडं जाताना, मग ते बेळगावात असो नाहीतर निपाणीवरनं कोल्हापुरात, जुनी चिठ्ठी, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि कॅलेंडरची पानं एकाच फाईलमध्ये घाला. माझ्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी ती पानं एकेक करून उलटली, टिंबं मोजली आणि मग मला पहिला प्रश्न विचारला, "इतके दिवस कुठं होतीस गं?"